एलएलबी, बीए एलएलबी, एलएलएम, जेडी: कायद्याच्या डिग्र्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बारावीचा निकाल लागला की माझ्याकडे पालकांचे मेसेज सुरू होतात, आणि ग्रॅज्युएशनचे निकाल लागले की चाळिशीतल्या लोकांचे, ज्यांना कधीपासून लॉ करायचं होतं आणि राहून गेलं होतं. तेच तेच प्रश्न परत परत येतात म्हणून इथे एकत्र लिहून ठेवलेत. नंबर घातलेत कारण एकाचं उत्तर दुसऱ्यात अडकलेलं असतं.

१. लॉची डिग्री म्हणजे नक्की कुठली? आणि एलएलबीमध्ये एल दोनदा का?

भारतात कोर्टात उभं राहण्यासाठी लागणारी डिग्री एकच, एलएलबी. बाकी बीए एलएलबी, बीबीए एलएलबी वगैरे सगळी तिचीच रूपं, म्हणजे एलएलबीला आधीची एक डिग्री जोडलेली. एलएलएम ही त्याच्या पुढची, आणि पीएचडी त्याच्याही पुढची.

दोन एलचं कारण लॅटिनमध्ये आहे. लेगम म्हणजे ‘कायद्यांचा’, आणि शब्द अनेकवचनी असला की त्याचं आद्याक्षर डबल लिहायची तिकडे पद्धत होती. एलएलएम आणि एलएलडीमध्येही तेच.

२. तीन वर्षांचं लॉ चांगलं की पाच वर्षांचं? पाचवाल्यांना जास्त किंमत असते असं ऐकलंय.

सनदेच्या, म्हणजे वकिलीच्या परवान्याच्या, दृष्टीने काडीचाही फरक नाही. सनदेवर तुम्ही तीन वर्षांचं केलंत की पाच वर्षांचं हे कोणी बघत नाही, कोर्टात तर नाहीच नाही.

तीन वर्षांचं एलएलबी कुठल्याही शाखेच्या ग्रॅज्युएशननंतर करता येतं, पाच वर्षांचं बारावीनंतर, तेही कुठल्याही शाखेतून. मार्कांची अट बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या, म्हणजे वकिली आणि लॉचं शिक्षण यांचे नियम ठरवणाऱ्या संस्थेच्या, २००८ च्या नियमांप्रमाणे दोन्हीकडे सारखीच, ओपनला ४५ टक्के, ओबीसीला ४२, एससी एसटीला ४०, फक्त एकाला ग्रॅज्युएशनचे मार्क बघतात आणि दुसऱ्याला बारावीचे. हिशोब केला तर बारावीनंतर थेट गेलात तर पाच वर्षं, आधी बीए बीकॉम करून मग गेलात तर तीन अधिक तीन म्हणजे सहा. एक वर्ष वाचतं, एवढाच आकड्यांचा फरक.

मग किंमतीची गोष्ट कुठून आली? बंगळूरच्या नॅशनल लॉ स्कूलची पाच वर्षांची पहिली बॅच १९८८ मध्ये सुरू झाली आणि त्या धर्तीवर पुढे राज्याराज्यांत नॅशनल लॉ युनिव्हर्सिट्या निघाल्या, त्यांचा मुख्य कोर्स पाच वर्षांचा, मोठ्या लॉ फर्म तिथे कॅम्पसला जातात, त्यामुळे लोकांच्या डोक्यात पाच वर्षं म्हणजे भारी असं बसलं. पण ती किंमत त्या संस्थेची आहे, वर्षांची नाही. त्याच बंगळूरच्या स्कूलने २०२२ पासून तीन वर्षांचं एलएलबीसुद्धा सुरू केलंय, यावरून काय ते समजा.

माझं स्वतःचं मत विचाराल तर सतराव्या अठराव्या वर्षी ज्याला खरंच कायद्याची ओढ आहे त्याने पाच वर्षांचं घ्यावं. ज्याला खात्री नाही त्याने आधी आवडीच्या विषयात ग्रॅज्युएशन करावं, कारण इंजिनिअर किंवा सीए होऊन लॉला आलेली माणसं पेटंट आणि टॅक्सच्या कामात फार पुढे जाताना मी बघितलीत. घरच्यांनी ढकललं म्हणून पाच वर्षं काढणाऱ्या मुलांचं मला फार वाईट वाटतं, तिसऱ्या वर्षी त्यांना बाहेर पडायचं असतं आणि दार बंद असतं (प्रश्न १० बघा).

प्रवेशाचं म्हणाल तर महाराष्ट्रात दोन्हींची सीईटी वेगवेगळी आहे, फॉर्म भरताना नीट बघा. नॅशनल लॉ युनिव्हर्सिट्यांना क्लॅट ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा लागते, त्यात आपल्याकडच्या मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्याही आल्या. दिल्लीची मात्र स्वतःची वेगळी परीक्षा घेते.

३. मुलगी कॉमर्सची आहे, मग बीकॉम एलएलबीच घ्यायचं का? बीए घेतलं तर नुकसान होईल?

नाही होणार. कायद्याचे विषय सगळ्यांना तेच असतात: बार कौन्सिलने ठरवलेले २० सक्तीचे पेपर, ४ प्रॅक्टिकलचे आणि वरून ऑप्शनल. फरक फक्त त्यांच्याबरोबर शिकायच्या विषयांत. बीएवाल्यांना राज्यशास्त्र, समाजशास्त्र, अर्थशास्त्र असं, बीबीए बीकॉमवाल्यांना अकाउंट्स, मॅनेजमेंट, आणि काही ठिकाणी बीएस्सी एलएलबी पण आहे. मुलीला आकडे आवडत असतील तर बीकॉम घेऊ दे, वाचन आवडत असेल तर बीए. एवढंच.

४. मुंबईच्या मित्राकडे बीएलएस एलएलबी आहे, पुण्याच्या ताईकडे बीएसएल एलएलबी. ह्या वेगळ्या डिग्र्या आहेत का?

नावं वेगळी, काम एकच. दोन्ही बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या कोर्सची विद्यापीठांनी दिलेली नावं. पुण्यात बीएसएलच्या जागी आता बीए एलएलबी म्हणतात. कुठल्या फॉर्ममध्ये बीएलएस किंवा बीएसएलचा ऑप्शन नसेल तर घाबरू नका, पाच वर्षांची इंटिग्रेटेड लॉ डिग्री असं जिथे असेल तिथे टिक करा.

५. ऑनर्स म्हणजे जास्त पॉवर का?

नाही. त्याच एलएलबीत कायद्याच्या एखाद्या शाखेचे ८ पेपर जास्तीचे केले की ऑनर्स. सनदेला फरक पडत नाही, बायोडाटात बरं दिसतं आणि त्या विषयात खोल शिकायला मिळतं.

६. डिग्री हातात आली म्हणजे वकील झालो ना? नावापुढे अ‍ॅडव्होकेट लावू?

थांबा. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच आहे. डिग्री विद्यापीठ देतं आणि वकिलीचा हक्क बार कौन्सिल देतं, ह्या दोन वेगळ्या गोष्टी. एलएलबी पास झालेला माणूस लॉ ग्रॅज्युएट असतो, वकील नाही. १९६१ च्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टखाली राज्याच्या बार कौन्सिलमध्ये, आपल्याकडे बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा, नाव नोंदवावं लागतं, तेव्हा मिळते ती सनद. नावापुढे अ‍ॅड. त्यानंतर.

त्यावर ऑल इंडिया बार एक्झाम आहे. २०१० पासून आणलेली ही परीक्षा सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने फेब्रुवारी २०२३ मध्ये वैध ठरवली, त्यामुळे ती टळणार नाही. आधी तात्पुरती सनद मिळते आणि दोन वर्षांत ही परीक्षा काढायची असते. १०० ऑब्जेक्टिव्ह प्रश्न, बेअर अ‍ॅक्ट, म्हणजे कायद्याचा नुसता मूळ मजकूर, जवळ ठेवता येतो पण त्यात टिपणं लिहिलेली चालत नाहीत, आणि ज्याने कॉलेजात बेअर अ‍ॅक्ट उघडलाच नाही त्याला तो परीक्षेत सापडणारही नाही.

फीचं पण सांगून ठेवते कारण लोकांकडून पूर्वी फार पैसे घेतले गेलेत. सुप्रीम कोर्टाने जुलै २०२४ मध्ये स्पष्ट केलं की नोंदणी फी कायद्यात लिहिलेलीच घ्यायची, ओपनसाठी ७५० रुपये आणि एससी एसटीसाठी १२५, स्टॅम्प ड्युटी वेगळी. त्याच्या वर कोणी वेगळ्या नावाने नोंदणीचे पैसे मागत असेल तर तो निकाल दाखवा.

७. करस्पॉन्डन्सने लॉ होतं का? एका ठिकाणी दोन वर्षांत घरबसल्या लॉची डिग्री म्हणून जाहिरात बघितली.

डिग्रीचा कागद मिळेल, सनद मिळणार नाही. एलएलबी रेग्युलर, वर्गात बसूनच करावं लागतं, ऑनलाइन किंवा दूरशिक्षणाचं एलएलबी सनदेला चालत नाही. त्या दोन वर्षांच्या डिग्रीला बहुतेक बीजीएल किंवा ‘अ‍ॅकॅडमिक लॉ’ असलं नाव असतं. कायदा समजून घ्यायला, कंपनीत एचआरला किंवा प्रमोशनला तिचा उपयोग होईल, कोर्टाच्या दारात होणार नाही.

माझ्याकडे एक गृहस्थ आले होते, सरकारी नोकरीतून रिटायर झालेले, निवृत्तीनंतर आपल्या तालुक्याच्या कोर्टात गरिबांच्या केसेस लढायच्या ह्या एकाच इच्छेने त्यांनी अशी दोन वर्षांची डिग्री केली होती, फर्स्ट क्लास आणलेला, सर्टिफिकेट लॅमिनेट करून आणलेलं. सनदेचा फॉर्म कुठे मिळतो एवढंच विचारायला आले होते. त्यांना ते सांगताना माझाच आवाज बसला होता. प्रवेश घेताना त्यांना कोणी हे सांगितलंच नव्हतं आणि प्रॉस्पेक्टसमध्ये ते अगदी बारीक अक्षरात होतं. त्यांनी नंतर ६१ व्या वर्षी रेग्युलर एलएलबीला प्रवेश घेतला, वयाचं काय ते प्रश्न ९ मध्ये आहे.

जुन्या पाट्यांवर ‘एलएलबी जनरल’ आणि ‘एलएलबी स्पेशल’ असं दिसतं त्यामागेही हेच आहे. पूर्वी दोन वर्षांनंतर जनरल मिळायचं आणि पुढचं वर्ष पूर्ण केलं की स्पेशल. अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टमध्ये १२ मार्च १९६७ नंतरच्या डिग्रीसाठी तीन वर्षांचा कोर्स लागतो, म्हणून नुसत्या जनरलवर सनद मिळायची नाही.

डिप्लोम्यांचं उत्तरही इथेच देते. डीएलएल म्हणजे लेबर लॉचा डिप्लोमा, टॅक्सेशनचा, सायबर लॉचा, हे सगळे त्या त्या कामाला चांगले आहेत, सनदेशी त्यांचा संबंध नाही.

८. माझं बीए मुक्त विद्यापीठातून झालंय. मला एलएलबीला प्रवेश मिळेल का?

तुमची बारावी झालीय का यावर सगळं अवलंबून आहे. दहावी, बारावी रीतसर पास होऊन मग यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून किंवा दुसऱ्या मान्यताप्राप्त विद्यापीठातून बाहेरून बीए केलं असेल तर चालतं, बिनधास्त फॉर्म भरा. पण बारावी न करता पूर्वतयारी परीक्षा देऊन थेट बीएला बसला असाल तर अडचण आहे, २००८ च्या नियम ५ चं स्पष्टीकरण अशा उमेदवाराला अपात्र धरतं. खालची पायरी गाळून वरची डिग्री घेतलेली चालत नाही, असा त्याचा अर्थ.

म्हणजे एकाच विद्यापीठाची तीच डिग्री घेतलेल्या दोन मैत्रिणींपैकी एकीला प्रवेश आणि एकीला नकार असं होऊ शकतं. ज्या बायकांचं शिक्षण लग्नामुळे दहावीतच सुटलं आणि ज्यांनी पूर्वतयारीतून परत सुरुवात केली त्यांच्यावर हा नियम अन्याय करतो असं मला मनापासून वाटतं, पण आज नियम हा आहे आणि तो माहीत असलेला बरा.

९. वय ४३ आहे आणि नोकरी करतो. लॉ करू शकतो का?

वय अडवत नाही. बार कौन्सिलने पाच वर्षांसाठी २० आणि तीन वर्षांसाठी ३० अशी वयोमर्यादा घातली होती, सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये तिला स्थगिती दिली.

नोकरी मात्र अडवू शकते. नियमांत ७० टक्के हजेरी आहे, शिवाय इंटर्नशिप, तीन वर्षांच्या कोर्सला किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्याला २०. सकाळचं कॉलेज करून अकराला ऑफिस गाठणारे खूप जण मला माहीत आहेत आणि त्यांच्या जिद्दीला माझा सलाम आहे, पण कोणी ‘नुसते परीक्षेला या, हजेरीचं आम्ही बघतो’ म्हणत असेल तर तिकडे जाऊ नका, पुढे सनदेच्या वेळी हजेरीवरून चौकशी झाली तर भोगायचं तुम्हाला आहे.

आणि पास झाल्यावर नोकरी चालू ठेवून वकिली करता येत नाही. पूर्ण वेळ पगारी नोकरी असेल तर सनद घेता येत नाही, आणि सनद घेतल्यावर नोकरी लागली तर ती सस्पेंड करून ठेवावी लागते. डिग्री घेऊन ठेवायला मात्र काहीच हरकत नाही, सनद नोकरी सोडल्यावर काढा.

१०. पाच वर्षांचा कोर्स तिसऱ्या वर्षी सोडला तर निदान बीए तरी मिळेल ना?

बार कौन्सिलचा नियम १३ म्हणतो की इंटिग्रेटेड डिग्रीचे मध्येच दोन तुकडे करून एक हातात द्यायची नाही. उलट बाजूनेही तसंच, तुमचं बीए झालेलं आहे म्हणून पाच वर्षांच्या कोर्सला थेट चौथ्या वर्षी बसता येत नाही. नव्या शैक्षणिक धोरणात मध्ये बाहेर पडायची सोय आहे म्हणून लोक इथे गल्लत करतात. प्रवेश घेतानाच हे गृहीत धरून चला की पाचही वर्षं काढायची आहेत.

११. एलएलबी करताना सोबत एमए करता येईल का? यूजीसीने दोन डिग्र्या एकदम चालतील म्हटलंय.

यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, २०२२ मध्ये तसं म्हटलंय, खरं आहे. पण लॉला बार कौन्सिलचा नियम ६ लागू होतो आणि तो म्हणतो की दोन रेग्युलर कोर्स एकाच वेळी नकोत. दूरशिक्षणाचा कोर्स आणि भाषा किंवा कॉम्प्युटरचे छोटे सर्टिफिकेट कोर्स त्यातून वगळलेत. म्हणजे एमए बाहेरून करा, दोन कॉलेजांत रेग्युलर नाव लावू नका.

१२. एलएलएम केल्याशिवाय चांगला वकील होता येत नाही का? आणि एक वर्षाचं करावं की दोन?

वकिलीसाठी एलएलएम लागतच नाही. हायकोर्टात गाजलेल्या कितीतरी वकिलांचं शिक्षण एलएलबीवर थांबलेलं आहे. एलएलएम लागतं ते शिकवायचं असेल तर (त्यात ५५ टक्के, आरक्षित गटांना ५०, आणि नेट किंवा सेट ही प्राध्यापकांची पात्रता परीक्षा), पुढे पीएचडी करायची असेल तर, किंवा एखाद्या विषयात खरंच रमायचं असेल तर. सीनिअरकडे काम मिळत नाही म्हणून दोन वर्षं एलएलएममध्ये लपायचं असेल तर नका करू, तीच दोन वर्षं जिल्हा कोर्टात जास्त शिकवून जातात.

दोन वर्षांचं पूर्वीपासूनचं, एक वर्षाचं यूजीसीने २०१३ मध्ये आणलं. बार कौन्सिलने २०२० च्या नियमांत एक वर्षाचं बंद करायचं लिहिलं आणि वाद सुप्रीम कोर्टात गेला. त्यामुळे ज्यांना प्राध्यापकच व्हायचंय आणि दोन वर्षं परवडतात त्यांना मी दोन वर्षांचं सुचवते.

१३. मी सीए आहे, एलएलबी नाही. ‘एक्झिक्युटिव्ह एलएलएम’ करू का?

ज्ञानासाठी करा. पण एलएलबीशिवाय केलेल्या असल्या एलएलएमवर सनद नाही, आणि लॉच्या प्राध्यापकाची नोकरी मिळेल असंही धरू नका. बार कौन्सिलने २०२५ मध्ये विनापरवानगी चालणाऱ्या ऑनलाइन आणि एक्झिक्युटिव्ह एलएलएमबद्दल जाहीर इशारा दिलाय. सीएंना टॅक्सच्या कामात खरा फायदा तीन वर्षांच्या एलएलबीचा होतो (नोकरीची अट प्रश्न ९ मध्ये आहे).

१४. पीएचडी आणि एलएलडी एकच का?

नाही. पीएचडी संशोधन करून मिळते. एलएलडी काही विद्यापीठांत पीएचडीच्याही वरची संशोधनाची डिग्री आहे, आणि बऱ्याचदा ती मानद म्हणून दिली जाते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठाने १९५२ मध्ये एलएलडी दिली ती मानदच.

१५. मग बाबासाहेबांकडे एलएलबी होती का? बॅरिस्टर ही डिग्री आहे की काय?

हा प्रश्न शाळेतल्या मुलांकडूनही येतो आणि मला फार आवडतो. बाबासाहेबांकडे एलएलबी नव्हती. ते लंडनच्या ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले, आणि बॅरिस्टर ही विद्यापीठाची डिग्री नाही, तो इंग्लंडमधला वकिलीचा परवाना, म्हणजे आपल्या सनदेसारखी गोष्ट. त्याच जोरावर त्यांनी मुंबईत वकिली केली आणि १९३५ मध्ये मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे, १८५५ पासूनचं ते कॉलेज, प्राचार्य झाले.

आज भारतात बॅरिस्टर असा वेगळा वर्ग नाही, सगळे अ‍ॅडव्होकेट. सॉलिसिटर शब्द मुंबईत अजून चालतो, ती पण डिग्री नाही, बॉम्बे इनकॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची अवघड परीक्षा आणि त्याआधी तीन वर्षं आर्टिकलशिप, म्हणजे सॉलिसिटरच्या हाताखाली उमेदवारी, करावी लागते. इंग्लंडचा सॉलिसिटर व्हायचं असेल तर तिकडे २०२१ पासून एसक्यूई नावाची परीक्षा आहे.

१६. अमेरिकेतली जेडी म्हणजे डॉक्टरेट ना? आपल्या एलएलबीपेक्षा मोठी?

नावात डॉक्टर आहे, पण ती तिकडची वकिलीची मूळ डिग्री आहे, चार वर्षांच्या ग्रॅज्युएशननंतर तीन वर्षांची. गंमत म्हणजे हार्वर्डसुद्धा १९६९ पर्यंत हिलाच एलएलबी म्हणायचं. म्हणून जेडीवाले नावापुढे डॉ. लावत नाहीत. अमेरिकेत पीएचडीच्या तोडीची लॉची डिग्री एसजेडी किंवा जेएसडी.

आपल्याकडची एलएलबी घेऊन जाणारे बहुतेक तिथे एक वर्षाचं एलएलएम करतात. पण एलएलएम झालं म्हणजे तिथे वकिली करता येते असं नाही, प्रत्येक राज्याची बार परीक्षा आणि नियम वेगळे. न्यूयॉर्क आधी तुमची डिग्री तपासतं आणि त्यात काही कमी दिसलं तर तिथलं २४ क्रेडिटचं एलएलएम मागतं, कॅलिफोर्निया आधीच सनद असलेल्या परदेशी वकिलाला एलएलएमशिवायही परीक्षेला बसू देतं. लाखोंचं कर्ज काढायच्या आधी कुठल्या राज्यात राहायचंय ते ठरवा.

१७. मुलगा इंग्लंडमध्ये बारावीनंतर तीन वर्षांचं एलएलबी करतोय. परत आल्यावर इथे सनद मिळेल?

थेट नाही. ते विद्यापीठ आणि ती डिग्री बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या मान्यतेच्या यादीत असावी लागते, मग भारतीय कायद्यावरची पात्रता परीक्षा, आणि त्यानंतर प्रश्न ६ मधलं सगळं. शिवाय आपल्याकडे बारावीनंतर पाच वर्षं आणि त्याची झाली तीनच, हा फरक भरून काढायला ब्रिज कोर्स करावा लागू शकतो. त्याला आत्ताच बार कौन्सिलला लेखी विचारून घ्यायला सांगा.

१८. जज व्हायला कुठली डिग्री जास्त चांगली?

कुठलीही एलएलबी चालते, डिग्रीपेक्षा प्रॅक्टिस महत्त्वाची झालीय. २० मे २०२५ च्या निकालाने सुप्रीम कोर्टाने दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तरासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आणली. ती वर्षं तात्पुरत्या सनदेपासून मोजतात, बार एक्झाम पास झाल्यापासून नाही, म्हणून निकाल लागला की सनदेला उशीर करू नका. न्यायमूर्तींकडे लॉ क्लार्क म्हणून केलेलं कामही धरतात. जिल्हा न्यायाधीशाच्या थेट भरतीला वकील म्हणून अर्ज करायचा तर सात वर्षांची वकिली लागते.

१९. कॉलेज खरं आहे की नाही हे कसं ओळखायचं?

विद्यापीठाची मान्यता आणि बार कौन्सिलची मान्यता दोन्ही बघा, एकीवर भागत नाही. बार कौन्सिलची मान्यता ठराविक वर्षांसाठी असते, म्हणून तुमच्या प्रवेशाच्या वर्षाला ती चालू आहे का ते पत्रच मागा आणि किती तुकड्यांना, किती जागांना आहे तेही वाचा, कारण ज्या जागा मंजूरच नाहीत त्यावरचा प्रवेश सनदेच्या वेळी अडकू शकतो. पत्र दाखवायला ऑफिसमध्ये टाळाटाळ झाली तर फी भरू नका.